देवीची सवत

शिवा गुरवाला मत्सर म्हणजे काय ते पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि कळलं ते दगडावर कोरलेल्या एका बाईमुळे. त्याआधी भावकीत कुणाचं घर स्लॅबचं झालं, कुणाचा मुलगा जहाजावर लागला, तरी त्याच्या पोटात कधी दुखलं नव्हतं. माझ्या घरात देवी आहे, तुमच्या घरात काय आहे, असा त्याचा खाक्या. वेळणे गावच्या पावणाईची पूजा त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि पावणाईला विचारल्याशिवाय या गावात विहीर खणली जात नाही की सोयरीक जुळत नाही.

विचारायची पद्धत म्हणजे कौल. शिवा तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या काळ्या पाषाणाला चिकटवायचा, एक उजवीकडे, एक डावीकडे. या पाकळ्यांना गावात कळे म्हणतात. मग हात जोडून गाऱ्हाणं, म्हणजे देवीपुढचं मागणं, घालायचं आणि वाट बघायची. उजवा कळा आधी पडला तर देवीचं हो, डावा पडला तर नाही. कधी कधी तासभर दोन्ही हलत नाहीत. तेव्हा लोक मांडवात विड्या ओढत बसतात, आणि शिवा देवीला लाडीगोडी लावतो, "आई, असा रुसवा बरा नाय, लेकरा ताटकळलीत." त्याची फार श्रद्धा या कौलावर. त्याच्या बापाने, आजाने कधी एका कळ्याला बोट लावलं नव्हतं, आणि त्यानेही लावलं नव्हतं.

त्याला मुलगा नव्हता. ऋतिका ही एकच मुलगी. लहानपणापासून ती फुलं वेचायची, समया घासायची, आणि शिवाचं सगळं गाऱ्हाणं तिला तोंडपाठ. रत्नागिरीला कॉलेज करून आली तरी सकाळी आंघोळ करून आधी देवळात. तेव्हा शिवाच्या मनाने घेतलं, माझ्यामागे हिनेच पूजा करायची आणि कौलही हिनेच लावायचा. गावचे मानकरी बिथरले. बाईमाणसाने गाभाऱ्यात? हरिश्चंद्र गावकर म्हणजे मानकऱ्यांचा म्होरक्या, त्याने तर हात झटकले, "आमच्याच्यान होनार नाय, तूच विचार तुझ्या देवीला." शिवाने विचारलं. सगळ्या गावासमोर कळे लावले, आणि उजवा कळा टपकन पडला. शिवाच्या डोळ्यांना धार लागली. ऋतिका तर त्या दिवसापासून चार बोटं उंच होऊन चालायची. देवीने मला निवडलंय, असं ती मैत्रिणींना सांगायची, आणि तिची थट्टा करायची कुणाची छाती नव्हती.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग श्रद्धा मॅडम आल्या.

देवळाच्या मागच्या चढणीने वर गेलं की सडा लागतो. उघडाबोडका कातळ, भातकापणीनंतर त्यावर नुसतं पिवळं गवत. त्या कातळात एक बाई कोरलेली आहे. उताणी निजलेली, रुंद कमरेची, हात दुमडलेले, चेहऱ्याच्या जागी नुसती गोल रेघ. आजूबाजूला मासे, चपट्या अंगाचा एक पाखट मासा, एक शिंगवालं जनावर. कुणी कोरली, कधी, कशासाठी, देव जाणे. गावाला ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत. पोरं तिच्या अंगावरून लंगडी घालायची. शिवाची बायको काशी तिच्या पोटावर आमसुलं वाळवायची, कारण तिथे कातळ चांगला तापतो. तिला कुणी हात जोडत नव्हतं आणि तिला कुणी घाबरतही नव्हतं.

श्रद्धा मॅडम पुण्याच्या. जगातल्या धर्मांचा अभ्यास हा त्यांचा विषय, आणि त्यातही जे धर्म मरून गेले त्यांच्यावर त्यांचा विशेष जीव. त्यांनी ती बाई पाहिली आणि कातळावर गुडघेच टेकले. दोन दिवस त्या तिथेच होत्या. काशीची आमसुलं त्यांनी स्वतः हलक्या हाताने गोळा करून सुपात भरून दिली आणि म्हणाल्या, "वहिनी, प्लीज, आता इथे नको हं." काशीला काही राग आला नाही. राग आला शिवाला, पण का ते त्याचं त्यालाच सांगता येईना.

मॅडमना गावात सोबत कोण? शिकलेली, बोलकी, सडा पायाखालचा असलेली. ऋतिका. ती त्यांच्याबरोबर फिरायला लागली. मोजमापं घेऊ लागली, फोटो काढू लागली. बघता बघता माणसं यायला लागली. रत्नागिरीहून, मुंबईहून, एकदा तर दोन जर्मन. गाड्या पावणाईच्या पारापाशी लागायच्या, माणसं देवळाच्या नळावर पाय धुवायची, बाटल्या भरून घ्यायची आणि देवळाकडे न बघता सडा चढायची. कुणी कुणी चपला घालूनच दारातून आत डोकवायचं आणि शिवाला विचारायचं, "ते कातळशिल्प कुठून जायचं हो?" शिवा बोट दाखवायचा. जिच्या दारात उभे आहात ती कोण, हे एकानेही विचारलं नाही.

"शिवा, तुझ्या देवीला सवत आली रे," हरिश्चंद्र गावकर भर मांडवात म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. शिवाही हसला.

मग मॅडमनी देवळाच्या मांडवातच एक कार्यक्रम ठेवला. गाव झाडून जमला. पांढऱ्या चादरीवर चित्रं पडू लागली. मांजराच्या तोंडाची इजिप्तची देवी, मक्याचा देव, बैल मारणारा कुठलासा देव ज्याची देवळं म्हणे जमिनीखाली असत. पारशांचा अग्नी दाखवला, ज्यूंचा दिवा दाखवला. मॅडम बोलायच्या छान. म्हाताऱ्यासुद्धा आ वासून बघत होत्या. शिवा गाभाऱ्याच्या उंबऱ्याला टेकून बसला होता आणि मनातल्या मनात देवीला सांगत होता, बघ, कसले कसले देव असतात जगात.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता मला सांगा, यातला कुठला धर्म तुम्हाला सगळ्यात जास्त भुरळ घालतो? हात वर करा."

इजिप्तला पुष्कळ हात वर झाले. मक्याच्या देवालाही झाले. बाया म्हणाल्या, तो आपल्यातला वाटतो. मॅडम हसून म्हणाल्या, "मी जिथे जाते तिथे हेच होतं. मेलेल्या धर्मांना जास्त हात वर होतात. जिवंत धर्म आपल्याला रोज दिसतात ना, त्यांचं काही वाटत नाही."

शिवाचा तिळपापड झाला. वाटणार कसं? मेलेल्या देवाला ना नैवेद्य, ना पालखी, ना सोवळंओवळं. त्याच्या पुढे पहाटे उठून थंड पाणी अंगावर घ्यायला नको, त्याच्या मानपानावरून भांडायला नको. नुसतं बघायचं आणि अबब म्हणायचं. त्याने ऋतिकाकडे पाहिलं. तिने अजून हात वर केला नव्हता. त्याला खात्री होती, आपली पोर आता उठेल आणि म्हणेल, मॅडम, आमची पावणाई राहिली.

ऋतिका उठली. तिचा चेहरा उजळला होता. "मॅडम, मला आपल्या सड्यावरचा धर्म," ती म्हणाली. "ज्याचं नावसुद्धा उरलं नाय. रात्री झोपताना मी त्याचाच विचार करते. त्या लोकांचं गाऱ्हाणं काय असेल? कुठल्या शब्दात घालत असतील?"

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. गावाने वाजवल्या. शिवाचे हात मांडीवरून उचललेच गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो एकटाच सड्यावर गेला. जाताना स्वतःला सांगत होता की गवत बघायला चाललोय. वर ऋतिका होती, पण तिने त्याला पाहिलं नाही. ती त्या बाईच्या पायाशी गुडघ्यांवर बसून मऊ ब्रशने रेघांमधली माती काढत होती. एक एक बोट साफ करत होती, फुंकर घालत होती. अगदी अशीच ती लहानपणी देवीच्या पायाशी बसायची. हल्ली देवळात येते, फुलं ठेवते, घड्याळ बघते आणि वर पळते. आणि इथे बघा! इथे वेळच वेळ.

शिवाला वाटलं पाय उचलावा आणि त्या गोल रेघेवर दाणकन आपटावा. तोंड नाही, डोळे नाहीत, नाव नाही, आणि माझी पोर घेऊन बसली आहेस. माझ्या आईने या गावाला पटकीतून वाचवलं, देवीच्या साथीत पोरं वाचवली. तू काय केलंस गं? निजून राहिलीस. तो खरंच पुटपुटला, "तू काय केलंस?" आणि आपण दगडाशी भांडतोय हे लक्षात येऊन शरमला. आल्या पावली तो खाली गेला. संध्याकाळच्या आरतीला त्याचा आवाज चढला होता, हे काशीनेही ओळखलं.

"कुनावर रागावलाव?" तिने विचारलं.

"कुनावर नाय."

"पोर काय परक्याच्या घरी गेली नाय. वर सड्यावर हाय," काशी म्हणाली. तिला सगळं कळायचं.

पण पोर जायची वेळ आलीच. मॅडमनी खटपट करून सरकारी मंजुरी आणली. देवळामागून सड्यापर्यंत पायवाट बांधायची, कातळाभोवती कठडा घालायचा, वर एक छोटी खोली, आणि तिथे देखरेखीला, माणसांना माहिती द्यायला ऋतिकाची कायमची नेमणूक. दिवसभर वर. देवळात कधी यायचं ते तिचं तिने बघायचं. अडचण एवढीच की पायवाटेची जागा देवस्थानची. गावसभा बसली. अर्धे हो म्हणाले, अर्धे कुरकुरले, आणि हरिश्चंद्र गावकराने नेहमीसारखा हात झटकून निकाल दिला, "आपन कोन ठरवनारे? जागा आईची. आईला विचारा."

शिवा म्हणाला, "विचारू." त्या क्षणी त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याला पक्कं वाटत होतं की देवी नाहीच म्हणेल. आपल्या दारातून सवतीच्या घरी वाट कोण बांधू देईल?

कौलाच्या दिवशी मांडव भरला होता. श्रद्धा मॅडम पुढे मांडी घालून बसल्या होत्या, मोठ्या कुतूहलाने. गाभाऱ्यात शिवा आणि त्याच्या हाताशी निरांजन धरून ऋतिका. गाभारा अंधारा, बाहेरच्यांना शिवाची पाठ तेवढी दिसते. त्याने कळे भिजवले, नीट लावले, गाऱ्हाणं घातलं. "आई पावणाई, बारा वाड्यांचे मालकिणी, वाट द्यायची तर उजवा दे, नाय द्यायची तर डावा दे, लेकरांचा काय चुकला असला तर पदरात घे..." मांडवातून "व्हय म्हाराजा" उठलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग उजवा कळा हलला.

त्याची खालची कड पाषाणापासून सुटली. शिवाने डोळे फाडून पाहिलं. कड आणखी सुटली. देवी हो म्हणत होती. ज्या बाईला कुणी हात जोडले नाहीत तिच्यासाठी, आणि ज्याने जन्मभर हात जोडले त्याला बाजूला सारून, देवी हो म्हणत होती. "आई, तू पन?" असं तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. आणि कळा सुटण्याच्या आत त्याचा हात पुढे झाला. ओला अंगठा त्याने उजव्या कळ्यावर दाबून धरला. डाव्या कळ्याला खांद्यावरच्या पंच्याचं टोक टेकवलं आणि त्यातलं पाणी टिपून घेतलं. एवढंच. मग मोठ्याने म्हणाला, "पानी कमी पडला व्हता, सारखा केला."

डावा कळा पडला.

मांडवात हूं झालं. हरिश्चंद्र गावकराने कपाळाला हात लावून नमस्कार केला. मॅडम थोड्या वेळाने उठल्या, त्यांनीही नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तुमच्या देवीचा शब्द मोडायला मी आले नाही." दुसऱ्या आठवड्यात त्या राजापूरकडच्या एका गावात गेल्या, तिथेही कातळावर काही चित्रं होती. ऋतिकाला त्यांनी बरोबर ये म्हणून सांगितलं. ती गेली नाही.

कळा पडला तेव्हा शिवाने देवीच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं होतं, पण ऋतिकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. निरांजन तिच्या हातात जराही हललं नव्हतं. तिने सगळं पाहिलं होतं. पाणी टिपलं की कळा सुटतो, हे तिला त्यानेच तर शिकवलं होतं, असं कधी करायचं नाही म्हणून.

त्या दिवशी घरी जाताना वाटेत ती म्हणाली, "बाबा, एक विचारू?"

"विचार."

"माझ्या वेळेला जो उजवा पडला, तो..."

"तो खरा गो!" शिवा रस्त्यातच थांबला. "आईची शपथ! तेव्हा माझा हात पाठीमागे व्हता. तो खरा!"

"हो," ऋतिका म्हणाली, आणि पुढे चालायला लागली. वाटेतल्या एका आवाराशी कुंपणाची काठी आडवी पडली होती, ती तिने उचलून कडेला ठेवली, बापाच्या पायात येऊ नये म्हणून. शिवाला तेवढ्याचाच आधार वाटला. समजूतदार पोर आहे, त्याने मनाला सांगितलं. चार दिवसांत विसरेल.

आणि खरंच, त्याला हवं होतं तसंच सगळं झालं. ऋतिका सड्यावर जायची बंद झाली. माणसंही हळूहळू कमी झाली. सकाळी ती बापाच्या आधी देवळात हजर. झाडलोट, फुलं, चंदन, नैवेद्य, कशात काही कमी नाही. घड्याळ बघत नव्हती. शिवा सुखावला. दोन वेळा त्याने काशीला सांगितलं, "बघ, आली की नाय परत?" काशी तांदूळ निवडत राहिली. सड्यावर पुन्हा आमसुलं घालायची का असं त्याने विचारलं, तर म्हणाली, "नको. आता मलाच कसासा वाटता."

एक गोष्ट मात्र शिवाच्या ध्यानात येत होती आणि तो ती ध्यानात घेत नव्हता. पूर्वी ऋतिका काम करता करता देवीशी बोलायची. आई, आज जास्वंद नाय मिळाली गं. आई, परीक्षा हाय, बघशील ना? आता ती गाभाऱ्यात मुकाट्याने काम करायची. हात तेच होते, तेवढीच हळुवार बोटं. पण जसं एखादीने दुसऱ्याच्या घरची भांडी स्वच्छ घासून ठेवावीत, तसं.

शिमग्याच्या आधी सोनूबाई आली. खालच्या वाडीतली, विधवा, एकुलता मुलगा दर्शन जहाजावर. त्याला नव्या बोटीवर बोलावणं आलं होतं, आणि ती बोट जाणार होती त्या समुद्रात सध्या गोळीबार चालू होता. जाऊ द्यावं तर जिवाला घोर, न द्यावं तर पोराचं आयुष्य घरी बसून सडणार. तीन रात्री तिचा डोळा लागला नव्हता. "शिवाभाऊ, माझ्यान काय ठरत नाय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आई सांगल तसा. आई बोल्ली जा तर जाऊंदे, नको बोल्ली तर पाय धरून ठेवीन."

शिवाने हात धुतले, कळे घ्यायला वाकला आणि तसाच पुन्हा सरळ झाला. त्या दिवसापासून त्याने एकही कौल लावला नव्हता. काही ना काही सबब सांगून लोकांना परत पाठवलं होतं. आता त्याने देवीकडे पाहिलं, सोनूबाईकडे पाहिलं आणि मग ऋतिकाकडे. आणि एकाएकी त्याला वाटलं, हीच ती वेळ. हिला देवीने निवडलंय. हिचे हात स्वच्छ आहेत. हिने कौल लावला की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल. त्याचा जीव एकदम हलका झाला.

"ऋतिका, आज तू लाव," तो म्हणाला.

ऋतिका पुढे झाली. तिने तांब्यात बोटं बुडवली, तगरीच्या दोन पाकळ्या निवडल्या, भिजवल्या. उजवा कळा लावला, डावा लावला. कसे सुंदर लावले! त्याच्या बापालाही असे लावता आले नसते. सोनूबाईने डोळे मिटून हात जोडले. शिवाने गाऱ्हाण्याला सुरुवात करायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ऋतिका त्याच्या कानाशी वाकली. त्याच्या पंच्याचं टोक तिने आपल्या बोटांत धरलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, नवीन काम अंगावर घेतलेलं माणूस विचारतं तसं तिने हळूच विचारलं, "बाबा, कुठचा पाडू? उजवा की डावा?"